थायरॉईडची गोळी रोज घेते, तरी टीएसएच ११ वर. डोस वाढवू का?

डबेवाली_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत घरगुती डबे देते. कॉलेजची पोरं, बँकेतली दोन-तीन माणसं आणि दवाखान्यात पेशंटजवळ बसलेली गावाकडची मंडळी, असं माझं गिऱ्हाईक. वय ४१. थायरॉईड निघाला तेव्हा टीएसएच ४८ होता (थायरॉईड कमी पडला की रक्तातला हा आकडा वाढतो) आणि अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडवर उठणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी, ६०० च्या वर, त्यापुढं मशीनला मोजता येत नाही म्हणाले. डॉक्टरांनी हाशिमोटो असं नाव सांगितलं, शरीर स्वतःच थायरॉईडच्या ग्रंथीवर उठतं तो आजार. मला ते नाव मोटारसायकलच्या कंपनीचं वाटलं.

आधी ५० मायक्रोग्रॅमची गोळी, मग ७५ ची. ७५ वर टीएसएच ३.१ आला आणि बरेच दिवस झकास गेले. केस गळायचे थांबले, तोंडावरची सूज उतरली. नवरा म्हणाला, आता पहिल्यासारखी भांडायला लागलीस.

गेल्या पावसाळ्यापासून परत तेच सुरू झालंय. पहाटे साडेचारला उठते पण अंगात बळ म्हणून नसतं. भाकरी थापायला बसलं की उजव्या हाताची अंगठ्याकडची तीन बोटं बधिर. पीठ मऊ झालंय का चिकट, बोटांना कळतच नाही, डोळ्यांनी बघून पाणी लावायचं. चार-पाच भाकऱ्या झाल्या की हात खाली सोडून झटकायचा, मुंग्या गेल्या की पुढची. तोवर तव्यावरची करपलेली असते. ती आमच्या ताटात, गिऱ्हाइकाला नाही.

पाळीत इतकं जातं की त्या दिवसांत डब्याचं काम जावेवर टाकावं लागतं. हिमोग्लोबिन ९.२ निघालं. बायकांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, गाठबिठ काही नाही म्हणाले, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दिली, नाश्त्यानंतर घ्या म्हणाले. इमानेइतबारे घेते. आता परवा टीएसएच केला तर ११.४! आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात १०० ची गोळी करूया.

माझं रोजचं असं आहे. साडेचारला उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी, साध्या पाण्याबरोबर. साडेपाचला चहा. साडेसहाला दूध-भाकरी कुस्करून, त्यावर लगेच लोह आणि कॅल्शियम. मग अकरापर्यंत मान वर करायला वेळ नाही. गोळी एक दिवस चुकवत नाही. मग हा टीएसएच वर का जातोय? गल्लीत ज्याला त्याला उपाय माहीत आहे. कोबी बंद कर, सैंधव मीठ खा, चपाती सोड. एका प्रदर्शनात "थायरॉईड मुळापासून बरा" अशी पावडर पण विकत होते. कुणाला खरंच अनुभव असेल तर सांगा. आणि माझी मुलगी १६ ची आहे, तिची तपासणी करून घ्यावी का?

पैलवान_गंगावेस

वहिनी, टेन्शन घेऊ नका. आमच्या मामीनं महिनाभर धण्याचं पाणी घेतलं, गोळी बंद! मीठ सैंधव करा, कोबी-फ्लॉवर घरात आणू नका. आणि पहाटे कट्ट्यावरचं धारोष्ण दूध चालू करा. अंगात ताकद येतीया बघा कशी. नाद खुळा.

मेडिकलवाली_काकू

पैलवान, मामीचा टीएसएच त्यानंतर कुणी तपासला का, तेवढं विचारून ये. आणि कट्ट्यावरचं दूध संध्याकाळी पी की, कोण नको म्हणतंय. पण पहाटे थायरॉईडच्या गोळीच्या अंगावर दूध नको. कच्चं असेल तर तापवूनच.

डबेवाली, तुला अगंतुगं करते, राग मानू नकोस. आमचं शिवाजी पेठेत मेडिकल आहे, मी आणि मालक दोघं काउंटरला. फार्मसी शिकलेली आहे, डॉक्टर नाही. आणि मी स्वतः हाशिमोटोवाली, माझी थोरली मुलगी पोटात होती तेव्हापासून.

तुझं वेळापत्रक वाचताना मी साडेसहाला थांबले. थायरॉईडची गोळी म्हणजे थायरॉक्सिन. लोह आणि कॅल्शियम पोटात त्याला धरून ठेवतात, आतड्यातून रक्तात जाऊ देत नाहीत. या दोन गोष्टींत आणि थायरॉईडच्या गोळीत किमान ४ तासांचं अंतर लागतं. तुझ्यात दोनच तास आहेत, आणि त्यात दूध-भाकरी. चहाचा तास तू बरोबर पाळतेस, तिथं काही अडचण नाही. म्हणजे बाटलीवर ७५ लिहिलेलं असलं तरी तुझ्या रक्तात किती पोचतंय कोण जाणे.

आता पुढचं बघ. थायरॉईड कमी पडला की पाळीत जास्त जातं. जास्त गेलं की रक्त कमी. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी. लोहाची गोळी चुकीच्या वेळेला म्हणून थायरॉक्सिन लागू पडत नाही. मग टीएसएच वर, आणि पाळीत आणखी जास्त. दोन डॉक्टर, दोघांचं आपापल्या जागी बरोबर. पण दोन्ही कागद एकाच टेबलावर कुणी ठेवले नाहीत. आमच्या काउंटरला हे रोज दिसतं. बाई एका हातात थायरॉईडची चिठ्ठी आणि दुसऱ्या हातात लोहाची घेऊन येते, दोन वेगळ्या दवाखान्यांच्या. मी विचारते, दोन्ही किती वाजता घेता? तर म्हणतात, एकदमच, विसरायला नको म्हणून.

तर १०० ची बाटली घ्यायच्या आधी डॉक्टरांना एवढंच विचार: लोह आणि कॅल्शियमची वेळ बदलून आहे त्याच ७५ वर ६ ते ८ आठवड्यांनी परत टीएसएच बघूया का? इतके दिवस का, तर थायरॉक्सिन रक्तात हळूहळू स्थिरावतं, निम्मं व्हायलाच त्याला ७ दिवस लागतात. पंधरा दिवसांत केलेला टीएसएच फुकट जातो. आणि १०० ची करून ठेवली आणि उद्या लोहाची गोळी थांबली, तर तोच डोस जास्तीचा होईल. छातीत धडधड, झोप नाही, आणि फार दिवस चालला तर हाडं ठिसूळ. डॉक्टर म्हणाले तरीही वाढवायची, तर वाढव. पण वेळ बदलल्याशिवाय नको.

तुझ्या दिवसात बसेल असं सांगते. साडेचारची गोळी तशीच. लोह साडेअकरा-बाराला, डबे गेले की, लिंबू-पाण्याबरोबर. आंबटानं लोह चांगलं शोषलं जातं. त्याच्या आगेमागे तास-दोन तास चहा नको, चहा लोहाला अडवतो. कॅल्शियम रात्री जेवणाबरोबर. लोह आणि कॅल्शियम पण एकत्र घ्यायचं नसतं, एकमेकांना आडवे येतात. तिघांचं तीन ठिकाणी बिऱ्हाड.

हाताच्या मुंग्यांचं पण सांग डॉक्टरांना. थायरॉईड कमी असला की मनगटातल्या बोगद्यात सूज येऊन तिथली नस दबते. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं बोट, हीच तीन. तुझा धंदाच मनगटाचा आहे, नुसत्या थायरॉईडवर ढकलू नकोस. रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळतो. पण मुंग्या बी-१२ कमी असल्यानंही येतात, त्यामुळं ते तपासल्याशिवाय सोडू नकोस.

कागलची_लेक

काकू म्हणतात त्यात एक भर घालते. मला आधी हाशिमोटो निघाला आणि दोन वर्षांनी सिलिअ‍ॅक. गव्हातल्या ग्लूटेननं आतड्याचं अस्तर खराब होतं, मग लोह पण शोषलं जात नाही आणि थायरॉईडची गोळी पण नाही. माझा डोस वाढतच चालला होता, हिमोग्लोबिन काही हलत नव्हतं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताची टीटीजी नावाची तपासणी सांगितली.

ताई, गल्लीतलं ऐकून चपाती सोडू नका. म्हणजे आत्ताच सोडू नका. गहू सोडून मग टीटीजी केली तर ती निगेटिव्ह येऊ शकते आणि खरं काय ते कळतच नाही. आधी तपासणी, मग काय ते. आणि सिलिअ‍ॅक नसेल तर चपाती सोडून थायरॉईडला फायदा होतो असं मला तरी कुणी डॉक्टर म्हणालं नाही. आपल्याकडं ज्वारीची भाकरी रोजचीच, त्यामुळं माझं निभावलं. पण पुरणपोळीला मुकले.

डबेवाली_राजारामपुरी

काकू, वाचून खुर्चीत बसले. म्हणजे जी गोळी रक्त वाढावं म्हणून घेत होते तीच आडवी आली! चिठ्ठी परत काढून बघितली, "नाश्त्यानंतर" एवढंच लिहिलंय. थायरॉईडची गोळी चालू आहे हे मी तिथं सांगितलं होतं, नर्सबाईंनी लिहून पण घेतलं होतं.

एक विचारते. थायरॉईडची गोळी रात्री घेतली तर चालते असं वाचलं. रात्री घेतली तर सकाळचं सगळं सुटसुटीत होईल का? आणि नवरात्र तोंडावर आलंय. अंबाबाईला गर्दी म्हणजे माझ्याकडं उपवासाच्या डब्यांची गर्दी. मी स्वतः नऊ दिवस धरते. गोळीनं उपवास मोडतो म्हणून सासूबाई कुरकुरतात.

मेडिकलवाली_काकू

रात्री चालते, चांगली चालते, पण पोट रिकामं पाहिजे. जेवणानंतर ३ तास तरी. तू रात्री दहाला जेवत असशील आणि साडेचारला उठत असशील तर मध्यरात्री एकला उठून गोळी घेणार आहेस का? आणि कॅल्शियम मी तुला रात्रीवर टाकलंय. तुला सकाळचीच बरी.

उपवासाचं म्हणशील तर सासूबाईंना सांग, औषधाला उपवास नसतो, आणि पाणी तर त्या पण पितातच. खरी भीती गोळीची नाहीच. उपवासाला आपण दिवसभर चहा, दूध, दाण्याची आमटी यांवर असतो, आणि हिमोग्लोबिन ९.२ असताना नऊ दिवस हे करून वर डबे करायचे! धरता-उठता दोन दिवस कर. अंबाबाई काही हजेरी घेत नाही. हे माझं मत, पटलं तर बघ.

रक्त वाढायला गूळ खा असं पण कुणीतरी सांगितलं असेलच. आपला गूळ सोन्यासारखा, मी पण रोज खडा खाते, पण ९.२ चं १२ त्यानं होत नाही. तुझं फेरिटिन केलंय का? नसेल तर करून घे, साठ्यात लोह किती आहे ते त्यानं कळतं. सोबत बी-१२. आपली ही जी जात आहे आजाराची, शरीर स्वतःच्याच अवयवावर उठतं, ती एकटी येत नाही. काहींच्या जठराच्या अस्तरावर पण तेच होतं. आम्ल कमी तयार होतं, मग लोह, बी-१२ आणि थायरॉक्सिन तिन्ही नीट शोषलं जात नाही. माझं तेच निघालं. बी-१२ ची इंजेक्शनं घेते. पित्ताच्या गोळ्या रोज चालू असल्या तरी आम्ल कमी होतं, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. डबे करणाऱ्या बाईला पित्त नाही असं होत नाही, म्हणून विचारते, सकाळची पित्ताची गोळी घेतेस का?

केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू असेल तर टीएसएच करायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेव आणि लॅबला सांग. बायोटिननं काही मशीनवर टीएसएच खोटा कमी दिसतो. आणि अँटी-टीपीओ परत परत करू नकोस, त्याला पैसे लागतात आणि त्यावरून डोस ठरत नाही. एकदा निघाला, रोग कोणता ते कळलं, संपलं.

बाटली कुठं ठेवतेस? गॅसच्या वरच्या फळीवर असेल तर हलव. वाफ आणि उष्णता दोन्ही वाईट. पावसाळ्यात आमच्याकडं दमट डबीत ओतून ठेवलेल्या गोळ्या घेऊन बायका येतात, पिवळ्या पडलेल्या. मूळ बाटलीतच ठेवायची, आत ओल शोषणारी पुडी असते ती काढून टाकायची नाही. आणि शक्यतो एकच कंपनी धरून राहायचं. आम्ही दुसरी दिली तर भांड आमच्याशी. बदललीच तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच.

डबेवाली_राजारामपुरी

पित्ताची गोळी आठवड्यातून तीन-चारदा घेते, तीही पहाटेच. काकू, तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलाय काय? बाटली खरंच गॅसवरच्या फळीवर आहे, हळदीच्या डब्याशेजारी. आत्ता उठून कपाटात ठेवली. मीठ आणि कोबी तेवढं राहिलं. आणि मुलगी.

मेडिकलवाली_काकू

मिठाचं असं आहे. आयोडीन कमी पडून गळ्याला गाठ येते तो गलगंड वेगळा. आपल्या देशात त्यासाठी १९६२ पासून सरकारी कार्यक्रम आहे, म्हणून मिठात आयोडीन घालतात, आणि घराघरात पोचेपर्यंत त्यात किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) राहिलं पाहिजे असा नियम. तुझा आजार तो नाही. साधं आयोडीनचं मीठ खात राहा, फक्त आयोडीनचे जास्तीचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेऊ नकोस, जास्तीच्या आयोडीननं हाशिमोटो बिघडू शकतो. नुसतं सैंधव घरात आणलं आणि सगळ्यांना तेच, तर सोळा वर्षांच्या मुलीला आयोडीन कमी पडेल. तिला पुढं लेकरं व्हायची आहेत. शिजवलेला कोबी आपण खातो तेवढा खा. सोयाबीन मात्र गोळीच्या आसपास नको, तेही शोषण अडवतं.

पावडरचं काय सांगू! मुळापासून म्हणजे कुठल्या मुळापासून? १९१२ मध्ये जपानच्या हाकारू हाशिमोटो नावाच्या सर्जननं चार बायकांच्या ग्रंथी तपासून हा आजार लिहून ठेवला, तो त्याच्या नावानं ओळखला जातो. शरीर स्वतःच ती ग्रंथी पोखरतं हे कळायला १९५६ उजाडलं. तेव्हापासून आजवर ती पोखरण थांबवणारं औषध आलेलं नाही. ग्रंथी जेवढं कमी बनवते तेवढं बाहेरून द्यायचं, एवढंच. पावडरमध्ये काय असतं माहीत आहे? काहींत प्राण्यांच्या ग्रंथीचा अंश किंवा आयोडीन घातलेलं सापडतं. आठ दिवस हुशारी येते आणि मग धडधड.

मुलीचं, पाळी अनियमित, उंची अडकली, गळा भरल्यासारखा दिसतो, सारखी थकते, यातलं काही असेल तर टीएसएच लगेच कर. काहीच नसलं तरी आईला आहे म्हणून एकदा करून घ्यायला माझी हरकत नाही, डॉक्टरांना विचार. चांगला आला तर दरवर्षी सुई टोचत बसायची गरज नाही.

कागलची_लेक

लग्न झालेल्या मुलींसाठी एक लिहिते, इथं वाचत असतील तर. हाशिमोटो असेल तर दिवस राहायच्या आधीच टीएसएच नीट करून घ्या. आणि पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर असतं आणि आईला डोस सहसा पाव हिश्श्यानं तरी वाढवावा लागतो. मला वाढवला. सासरचे म्हणत होते, दिवस असताना गोळ्या बंद कराव्यात. आईनं कडक सांगितलं तेव्हा गप्प बसले. आणि डिलिव्हरीआधी जे लोह-कॅल्शियम सगळ्यांना देतात ना, त्याला पण काकूंचाच ४ तासांचा नियम.

पैलवान_गंगावेस

मामीला विचारलं. टीएसएच काय, लॅबचं तोंड पण बघितलं नाही म्हणाली. गळ्याला सूज आली हाय, शेजारीण म्हणाली जाडी झालीस. उद्या घेऊन जातो. काकू, सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात, होतं ना हे?

मेडिकलवाली_काकू

होतं की. सकाळी केसपेपर काढ. गळ्याची सूज आहे म्हणून आधीच सांग, नुसतं थकवा म्हणू नका, डॉक्टर हातानं गळा बघतील. गिळताना अडतंय का, आवाज बसलाय का, तेही मामीला आत्ताच विचारून ठेव. आणि धणेपाणी चालू दे, त्यानं काही बिघडत नाही. बंद गोळी परत सुरू करायची का, किती, ते डॉक्टर ठरवतील. मामी तरुण नसणार. हृदय बघून हळूहळू वाढवतात, जुनी बाटली सापडली म्हणून पूर्वीचा डोस एकदम गिळू देऊ नकोस.

डबेवाली_राजारामपुरी

नवरात्र झालं, दिवाळीचा फराळ पण उरकला, म्हणून आता लिहिते. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ७५ च ठेवली, वेळा बदलल्या. पित्ताची गोळी त्यांनी थांबवून बघितली, आता लागेल तेव्हा दुपारचं पातळ औषध घेते. टीएसएच ५.२ आलाय. डॉक्टर म्हणाले अजून दीड महिना थांबू, मग ८८ ची करायची का ते बघू. हिमोग्लोबिन १०.६. फेरिटिन मात्र ८ च. बी-१२ पण कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत, कंबरेला दुखतंय. टीटीजी निगेटिव्ह, म्हणजे चपाती वाचली. जठराचं बघायला पोटाच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिलीय, जायचंय.

पाळीत अजून जास्तच जातं, पण जावेला बोलवावं लागलं नाही. हाताला मात्र फारसा उतार नाही. पट्टा लावून झोपते. भाकऱ्यांना एक मदतनीस ठेवलीय, भाकऱ्या जाड करते, गिऱ्हाइकं तक्रार करतात. मुलीचा टीएसएच २.४.

पैलवान_गंगावेस

मामीचा ३६ निघाला. गोळी चालू. वहिनी, डबा शिवाजी चौकापर्यंत येतो काय ओ? पांढरा रस्सा असतो का?

डबेवाली_राजारामपुरी

रविवारी आणि बुधवारी असतो. चौकापर्यंत मुलगा सायकलवर आणतो, पण साडेबाराच्या आत सांगायचं. आणि भाकरी जाड येईल.